तंगास बुजणारा घोडा

खोगीर मुकाट्यानें ठेवूं देणारा घोडा तंग ओढतांच कान मागें टाकतो, शेपूट झटकतो, प्रसंगीं चावावयास वळतो, हें घोडें बाळगणाऱ्या शेतकऱ्यांनीं पाहिलेंच असेल. अशा वेळीं कित्येक मोतद्दार बरगडींत गुडघा मारतात व 'पोट फुगवून धरतो, लबाड आहे' असें सांगतात. आम्हांस हें मान्य नाहीं. घोडा अंग ताठ करतो खरा. पण आतां दुखणार, हें तो शिकलेला असतो म्हणून. गुडघ्यानें तोच धडा पक्का होतो.

सबब प्रथम दुखणें शोधावें. कोपरामागें तंग बसतो तेथें हात फिरवून केस झडले आहेत काय, कातडी सोलली किंवा सुजली आहे काय, हें पाहावें. जखम असल्यास ती भरून येईपर्यंत खोगीर घालूं नये. तंगावर वाळलेला घाम व माती कानशीप्रमाणें घासतात. तो रोज स्वच्छ करावा. खोगिराचा भार कण्यावर पडत असल्यासही घोडा तंगावरच राग काढतो. आणखी एक कारण सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. घोड्याचें जठर लहान असून पोट रिकामें असतांही त्यांत आम्लरस पाझरत राहतो. फार वेळ उपाशी राहणाऱ्या व दाण्यावर पोसलेल्या घोड्यास तेथें व्रण पडतात. स्वारीपूर्वीं थोडी वैरण चघळूं द्यावी. व्रणाचा संशय आल्यास पशुवैद्यास दाखवावें.

दुखणें गेलें तरी त्याची आठवण राहते, व ती घालविण्यास दिवस लागतात. घोडा खुंट्यास आंखूड न बांधतां दुसऱ्याच्या हातीं द्यावा. तंगाच्या जागीं तळहातानें हलका दाब द्यावा. घोडा क्षणभर शांत उभा राहतांच हात काढावा. तो धडपडत असतां काढल्यास धडपडीनें सुटका होते, असेंच तो शिकेल. हाताची संवय झाली कीं रुंद पट्टा छातीभोंवतीं धरून तसेंच करावें, व मग तंग.

नित्य स्वारीच्या वेळीं तंग एका दमांत आवळूं नये. तो कोपरापासून चार बोटें मागें घेऊन, प्रथम खोगीर न सरके इतकाच बांधावा. दहा-वीस पावलें घोडा चालवावा, एक भोंक वाढवावें, पुन्हां चालवावा. मग पुढचे पाय एकेक करून पुढें ओढावे, म्हणजे तंगाखालीं कातडीची चुणी राहत नाहीं. बसण्यापूर्वीं शेवटचा ताण द्यावा; दोन बोटें आंत गेलीं पाहिजेत. या सर्वांस पांच मिनिटें पुरतात. एवढीही उसंत नसेल त्यानें पायीं जावें!

दत्तजयंतीस सारंगखेड्याच्या बाजारांत घोडा घेणारांनीं खोगीर चढवून उभा असलेला घोडा तसाच पसंत करूं नये. खोगीर उतरवून घ्यावें, कोपरामागें पांढरे केस दिसतात काय हें पाहावें, आणि तंग आपल्यासमक्ष पुन्हां बांधावयास सांगावा.