कान्कूनच्या वाळूवरचे तपकिरी ढीग

मेक्सिकोत कान्कून किंवा तुलुमच्या किनाऱ्यावर तपकिरी ढीग दिसले की अनेकांना ते सांडपाणी वाटते. प्रत्यक्षात ते सारगॅसम (तरंगणारे समुद्री शैवाल) असते. नदीतली जलपर्णी जशी वाऱ्याने एका काठाला लोटली जाते, तसेच हे अटलांटिकमधून वाहत येते. २०११ पासून फारच जास्त. खोल समुद्रात ते मासे आणि कासवांच्या पिलांचा आसरा. किनाऱ्यावर कुजल्यावर मात्र त्यातून हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू) सुटतो, म्हणून दमेकऱ्यांनी लांबच राहावे. हॉटेलांच्या जाहिरातींत हे ढीग सहसा दिसत नाहीत! एप्रिल ते ऑगस्टमध्ये जोर अधिक. तेव्हा जायचेच असेल, तर कोझुमेल बेटाचा पश्चिम किनारा निवडावा.