लाल ठिपका म्हणजे कापणारा लेझर नव्हे

‘अहो, काही होत नाही, साधा पॉइंटर आहे तो!’ नेमप्लेट, लग्नपत्रिका, मखरं कापून देणाऱ्या कारखान्यात झाकण उघडं ठेवून लेझर मशीन चालवणाऱ्याला टोकलं की हे उत्तर ठरलेलं. तो लाल ठिपका खरंच साधा असतो, पण तो फक्त नेम धरायला. अ‍ॅक्रिलिक कापतो तो कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण. त्याची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन, म्हणजे अवरक्त, डोळ्याला अजिबात न दिसणारा.

थोडं वाचलेला माणूस मग पुढचा पत्ता टाकतो: ‘हा किरण डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत जातच नाही, बाहेरच अडतो.’ बरोबर. पण अडतो म्हणजे काय होतं, हे कुणी विचारतच नाही! पाणी ही तरंगलांबी अधाशासारखी शोषतं, त्यामुळे किरणाची जवळजवळ सगळी ऊर्जा अश्रूंच्या थरात आणि पारपटलाच्या (कॉर्नियाच्या) वरच्या आवरणात जिरते. हे आवरण जेमतेम 50 मायक्रॉन जाड. एवढ्याशा जागेत 40 वॉटची मशीन उष्णता ओतते, तेव्हा शिजणाऱ्या अंड्यासारखी तिथली प्रथिनं गोठतात आणि पांढरा डाग पडतो. इजा वरवरची असेल तर काही दिवसांत भरून येते. खालच्या थरापर्यंत गेली तर डाग कायमचा, आणि नजरेच्या वाटेवर असेल तर कायमचं धुकं.

1400 नॅनोमीटरच्या पुढच्या लेझरवर ‘आय-सेफ’ लिहिलेलं असतं, तेही याच गैरसमजाला खतपाणी. त्याचा अर्थ पडदा वाचतो एवढाच. ताकद वाढली की पारपटल भाजतंच.

‘पापणी मिटेल की!’ पाव सेकंदात मिटते ती, पण झगझगीत उजेड दिसला तर. इथे दिसायला काही नाही, आणि चटका जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो.

‘पत्रा मळकट आहे, चमकत नाही.’ तुमच्या डोळ्यांना. 10.6 मायक्रॉनला घासलेलं स्टीलही आरशासारखंच.

‘पारदर्शक गॉगल चालतो.’ पॉलिकार्बोनेटचा असेल तर या मशीनला बऱ्यापैकी चालतो. शेजारच्या 1064 नॅनोमीटरच्या फायबर लेझरचा किरण मात्र त्यातून आरपार जातो, थेट पडद्यावर, आणि तिथे दुखतही नाही. म्हणून गॉगलवर छापलेली तरंगलांबी वाचायची.

किरण लागलाच तर डोळा चोळू नका, बधिर करणारे थेंब आपल्या मनाने टाकू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि कोणती मशीन होती ते सांगा.