फुकटच्या ऑपरेशनचा खर्च

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी गावांत एखाद्या आजीला डोळ्यांचं विचारावं, तर 'दिसतंय की, भागतंय' हे उत्तर ठरलेलं. भागतं म्हणजे चूल पेटवता येते आणि उंबऱ्याला ठेच लागत नाही. एवढं जमतंय तोवर दवाखान्याची वाट कोण धरणार?

खरं तर पैशाची अडचण सरकारने केव्हाच दूर केली आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट होतं, विमा आहे का, असं तिथे कोणी विचारत नाही. धर्मादाय रुग्णालयाने ते केलं, तर त्याला सरकारकडून ऑपरेशनमागे अनुदान मिळतं. पण वेल्ह्याहून पुण्याला जायचं म्हणजे ५०-६० किलोमीटर, आणि पानशेत-वरसगावच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांना आधी डांबरी रस्ता गाठावा लागतो. सोबत मुलगा किंवा सून हवी, म्हणजे त्यांचा रोज बुडाला. लावणीत कोणाला फुरसत नसते, कापणीत तर नाहीच. त्यात ऑपरेशननंतर काही आठवडे जड उचलायचं नाही, डोळ्याला पाणी आणि चुलीचा धूर लागू द्यायचा नाही. घरची बाई हे पथ्य पाळणार कशी? या खर्चाला अनुदान नाही.

म्हणून डोळ्यांचं शिबिर गावाजवळ भरतं आणि पुढचा प्रवास रुग्णालयाच्या गाडीतून होतो. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने मोठा मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला. महाराष्ट्र त्यातल्या सात राज्यांपैकी एक होता. मांडवात ऑपरेशनं उरकण्याची जुनी रीत त्या काळात मागे पडली. आता मांडवात फक्त तपासणी होते. बॅटरी मारून बाहुली बघतात, रक्तदाब आणि साखर तपासतात. डोळ्याच्या कोपऱ्यातून पिचकारीने पाणी सोडून विचारतात, 'घशात आलं का?' आलं, तर अश्रुनलिका मोकळी आहे. नाही आलं, तर आधी तिथला उपचार, ऑपरेशन नंतर.

ऑपरेशन स्वस्त आणि तरी चांगलं कसं करायचं, याचं उत्तर बऱ्याच अंशी पुण्यातच तपासलं गेलं. नेत्रतज्ज्ञ डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी टाके घालण्याची पद्धत आणि छोट्या छेदाची बिनटाक्याची पद्धत यांची तुलना केली. ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय बरं दिसणारे (६/१८ किंवा त्याहून चांगलं) टाक्यांच्या गटात ३७.३ टक्के, तर बिनटाक्यांच्या गटात ४७.९ टक्के होते. महागडं यंत्र न लागणारी ही पद्धत शिबिरांच्या रुग्णालयांनी उचलून धरली, यात नवल नाही.

आता टक्केवारीबद्दल. २००६-०७ च्या पाहणीत देशात अंधत्व १ टक्का होतं, २०१५-१९ च्या पाहणीत ते ०.३६ टक्के झालं. प्रगती झालीच आहे, पण मधल्या काळात मोजपट्टीही बदलली. आधी सहा मीटरवरून बोटं मोजता न येणारा माणूस अंध धरला जाई. २०१७ मध्ये ते अंतर तीन मीटरवर आलं. तीन मीटरवरची बोटं दिसणारा, पण सहा मीटरवरची न दिसणारा म्हातारा एका शासकीय व्याख्येने यादीतून उतरला, त्याची नजर मात्र होती तिथेच राहिली.

शाळांच्या तपासणीतही मोजणीचा हाच घोळ आहे. पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण शाळांत चष्मे दिलेल्या १,०१८ मुलांना काही महिन्यांनी पुन्हा गाठलं, तेव्हा फक्त ३०० जणांनी चष्मा लावलेला होता. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, गोगटे त्यातही होते. बाकीच्यांपैकी कोणाचा चष्मा घरी राहिलेला, कोणाचा फुटलेला, कोणाला वर्गात चिडवतात म्हणून दप्तरात दडवलेला. चष्मा एकदा वाटला की सरकारी रकाना भरतो. मग चार महिन्यांनी त्याच वर्गात जाऊन मुलांच्या नाकावर काय आहे ते बघण्यासाठी प्रवासभत्ता कोणाच्या नावावर टाकायचा, हे भोरच्या उपजिल्हा रुग्णालयापासून पुण्यापर्यंत कोणत्या तरी टेबलावर ठरायला हवं.