होडी घेताना परतीचा विचार

आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाने होडीच्या खरेदीवर काय बोलायचं? पण ॲरिस्टॉटलचा नीतिशास्त्रावरचा ग्रंथ उघडून बघा. प्रत्येक कलेला काही साध्य असतं, इथून त्याने सुरुवात केली आहे आणि पहिल्याच पानावर दिलेल्या उदाहरणांत जहाजबांधणी आहे. जहाज बांधणाऱ्याचं साध्य जहाज. मग त्या जहाजाचं साध्य काय? हा प्रश्न आज आपण उजनीच्या पाण्यातल्या सोळा फुटी होडीला विचारणार आहोत.

चटकन उत्तर येतं, 'मासे धरणं'. पण मासे धरतं जाळं. होडी माणसाला जाळ्यापर्यंत नेते आणि परत आणते. यातलं 'परत आणते' हे आम्हाला अधिक महत्त्वाचं वाटतं. जाताना होडी हलकी असते, माणूस ताजा असतो, पाणी बहुधा शांत असतं. परतताना जाळी भिजलेली, मासे भरलेले, हात दमलेले आणि वारा कुठून येईल ते आपल्या हातात नाही. विक्रेता होडी दाखवतो ती जातानाची. आपण विकत घ्यायची ती परतीची.

आता पाणी समजून घेऊ. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. पाणी अफाट पसरलेलं आणि पुष्कळ ठिकाणी उथळ. अशा मोकळ्या पाण्यावर वारा लांबवर धावतो आणि लाटा आखूड, उभ्या उठतात. वळवाच्या दिवसांत तर अर्ध्या तासात आभाळ बदलतं. २१ मे २०२४ रोजी कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण गेले. ती प्रवासी बोट होती, मासेमारीची नव्हती. पण पाणी तेच आणि वाराही तोच.

दुसरी गोष्ट, हे पाणी एका जागी राहत नाही. पावसाळ्यानंतर काठ दाराशी येतो, उन्हाळ्यात दूर जातो. पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, तशा बुडालेल्या गावांच्या भिंती आणि झाडांचे बुंधेही पृष्ठभागाजवळ येतात. होडी चिखलातून ओढत न्यावी लागते. म्हणून पहिली परीक्षा पाण्यात नाही, जमिनीवर घ्या. तुम्ही आणि तुमचा जोडीदार, दोघांनी मिळून ही होडी पन्नास पावलं ओढता येते का? नाही आली, तर मे महिन्यात ती काठावरच पडून राहील. कोकणातून स्वस्तात जुनी होडी आणणारे काही जण आहेत. समुद्राचं पाणी थोडं जड असतं, घनमीटरला साधारण १०२५ किलो. गोड्या पाण्याचं १००० किलो. म्हणजे तीच होडी इथे किंचित जास्त बुडेल. हा फरक किरकोळ आहे. खरी अडचण आकाराची आहे. समुद्राच्या लाटेसाठी केलेला खोल आणि जड तळ इथल्या चिखलात रुततो.

आता थोडं गणित. घाबरू नका, शाळेतलंच आहे. होडी जेवढ्या वजनाचं पाणी बाजूला सारते, तेवढं वजन ती पेलते. सोळा फूट लांब, चार फूट रुंद होडीचा पाण्याच्या पातळीवरचा भाग चार चौरस मीटर धरू. मग ती एक सेंटीमीटर खाली जायला ४० किलो लागतात. दोन माणसं १३०, ओली जाळी आणि दोर ४०, मासे १००, इंजिन आणि इंधन ५०. झाले ३२० किलो, म्हणजे होडी ८ सेंटीमीटर खाली गेली. हिवाळ्यात रोहित बघायला पाहुणे येतात, त्यातले चार जण बसवले तर आणखी २६० किलो. होडी अजून साडेसहा सेंटीमीटर बुडेल.

इथेच माणूस फसतो. कडा अजून पाण्याच्या वर दिसते, म्हणून त्याला वाटतं, जागा आहे. पण होडी किती बुडाली हे डोळ्यांना दिसतं, किती डळमळीत झाली हे दिसत नाही. मासे तळाशी पडून राहतात. पाहुणे उंच बाकावर बसतात, पक्षी दिसला की सगळे एकाच बाजूला वळतात आणि फोटोसाठी उभेही राहतात. वजन किती, यापेक्षा ते किती उंचावर आहे आणि हलतं का, हे महत्त्वाचं. त्यात एखादी लाट आत आली की बघा: तीन चौरस मीटर तळावर पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे दीडशे किलो. दोन धडधाकट माणसांचं वजन, आणि ते नेहमी खाली झुकलेल्या बाजूलाच धावतं. म्हणून मासेमारीसाठी घेतलेली होडी पाहुण्यांची होडी नव्हे. दोन्ही कामं करायची असतील, तर घेतानाच जास्त रुंदीची, खाली बाक असलेली घ्या आणि माणसांचा आकडा कडेवर रंगवून टाका. आकडा लिहिलेला असला की 'नाही' म्हणणं सोपं जातं.

कशाची घ्यायची? जुने लोक लाकडाची सांगतात. लाकूड दुरुस्त करता येतं, गावातला सुतार पुरतो. पण दरवर्षी डांबर-तेल मागतं आणि पाणी पिऊन जड होतं. जुनी लाकडी होडी बघताना सांध्यांत पेचकस टोचा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. जुन्या लाकडावर वरून फायबर चढवून विकलेली होडी मात्र फार जपून घ्या. आत ओल राहिली असेल, तर वरचं कवच चकाकतं आणि आतलं लाकूड कुजत जातं. ग्रीकांत थिसियसच्या जहाजाचं कोडं प्रसिद्ध आहे. एकेक फळी बदलत गेलं, तर जहाज तेच राहिलं का? वर्गात आम्ही यावर तासन् तास बोलत असू. काठावर मात्र प्रश्न वेगळा आहे: जी फळी बदलायला हवी होती, ती बदलली की झाकली?

फायबरची होडी हलकी असते, कुजत नाही, देखभाल कमी. पण तिच्या जाडीवर कुणी किती काटकसर केली, ते रंगाखाली दिसत नाही. तळ तळव्याने दाबून बघा, लवता कामा नये. नाण्याने ठोकत जा. खणखणीत आवाजात मध्येच बद्द आवाज आला, तर तिथे थर सुटलेत. इंजिन लागतं त्या मागच्या फळीच्या कोपऱ्यांत केसासारख्या चिरा आहेत का, ते उन्हात बघा. आणि विचारा, हवाबंद कप्पे कुठे आहेत आणि त्यांत फोम भरलाय का? लाकूड भरलं तरी बहुधा तरंगतं, फायबर स्वतःहून तरंगत नाही. ट्यूब आणि थर्माकोलच्या तराफ्यावर पुष्कळ जण जातात, आम्हाला ठाऊक आहे. छोट्या तळ्यात ते चालून जाईल. धरणाच्या पाण्यात वारा फिरला तर तराफा वल्हवत परत येता येत नाही.

एक परीक्षा विक्रेत्यासमोरच करा. कमरेइतक्या पाण्यात होडी पाण्याने पूर्ण भरा. मग दोघे कडेला धरून लोंबकळा. ती आडवी, सरळ तरंगत राहिली, तर ती तुम्हाला धरून ठेवेल. एक टोक वर करून उभी राहिली किंवा तळाशी गेली, तर किंमत कितीही कमी असो, नको. विक्रेता ही परीक्षा करू देत नसेल, तर तेही एक उत्तरच समजा.

पैशांविषयी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत वैयक्तिक लाभाच्या घटकांसाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अर्थसाहाय्य ठेवलेलं आहे. आपल्या अर्जाला काय लागू होतं, ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात आधी विचारा. इंजिन लावणार असाल तर नोंदणीचंही विचारा, कारण २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला. पण अनुदान बसतं म्हणून मोठी होडी घेऊ नका. मोठ्या होडीला मोठं इंजिन, मोठ्या इंजिनाला जास्त इंधन, आणि तो खर्च चिलापीच्या भावातूनच निघायचा असतो. हिशेब मांडताना लाइफ जॅकेट आणि पाणी उपसायचा डबा सगळ्यात वर लिहा. इंजिन असलं तरी दोन वल्ही हवीतच. जलपर्णी पंख्यात अडकली की वल्हंच कामाला येतं.

कुणाचा सल्ला घ्यायचा? ॲरिस्टॉटल 'राजनीती'त म्हणतो, सुकाणूची पारख सुतारापेक्षा नावाडी चांगली करतो. बनवणाऱ्याचं ज्ञान मोठं खरं, पण वापरणाऱ्याला वस्तू कशासाठी आहे ते कळतं. म्हणून तुमच्याच पाण्यात तशी होडी चार उन्हाळे चालवलेल्या माणसाला गाठा. त्याला 'होडी कशी आहे?' असं विचारू नका, 'चांगली आहे' म्हणेल. 'वाऱ्यात भरून परतताना कशी वागते?' असं विचारा. जमलं तर एकदा त्याच्याबरोबर भरल्या होडीतून परत या.

आणि घरी एक गोष्ट करा. होडी ठरवण्याआधी घरातल्या माणसांना दाखवा. जाणारा माशांचा विचार करतो, घरचे परतीचा करतात. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं विक्रेत्याकडून मिळेपर्यंत बयाणा देऊ नका.