लघुग्रहांच्या शोधात हौशी नजरेचे काम

मोठ्या स्वयंचलित दुर्बिणी रात्रभर आकाश चाळत असताना हौशी निरीक्षकाला काय उरले, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. हवाईतील पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या प्रतिमा एका आंतरराष्ट्रीय उपक्रमातून विद्यार्थ्यांपर्यंत विनामूल्य पोहोचतात. आकाशाच्या एकाच तुकड्याच्या, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या चार प्रतिमा संगणकावर एकामागोमाग फिरवल्या, की तारे जागच्या जागी राहतात आणि लघुग्रहाचा ठिपका सरळ रेषेत, सारख्या वेगाने सरकतो. एकाच प्रतिमेत उमटलेला ठिपका बहुधा कॅमेऱ्यातला दोष किंवा वैश्विक किरणाची खूण असते. असे सरकते ठिपके शोधण्याचे काम संगणकही करतो, हे खरे. पण अंधूक ठिपक्यांची शहानिशा करायला माणसाची नजर अजून लागते.

शिवाय ठिपका सापडणे ही केवळ सुरुवात. पुढच्या रात्रींत त्याचे स्थान पुन्हा मोजले नाही, तर कक्षा ठरत नाही आणि लघुग्रह हरवतो. स्वतःची दुर्बीण आणि डिजिटल कॅमेरा असलेला हौशी निरीक्षक ही मोजमापे लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटर या संस्थेकडे पाठवू शकतो. नवा लघुग्रहही हौशींना सापडू शकतो: २०१२ मध्ये स्पेनमधील ला साग्रा वेधशाळेतल्या हौशी निरीक्षकांनी २०१२ डीए१४ हा लघुग्रह शोधला. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी तो पृथ्वीपासून सुमारे २७,७०० किलोमीटरवरून, भूस्थिर उपग्रहांच्या कक्षेच्याही आतून गेला.