आतड्याची सूज आणि जनुकांवरच्या नोंदी

आतड्याच्या दीर्घकालीन दाहात दोन आजार मोडतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याचे आतले अस्तर सुजते, त्यावर व्रण पडतात; शौचावाटे रक्त आणि आव जाते, आजार जोरात असताना दिवसातून दहा-दहा वेळा संडासला पळावे लागते. क्रोन्समध्ये सूज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही येऊ शकते, पण बहुधा ती लहान आतड्याच्या शेवटच्या भागात येते आणि भिंतीच्या पूर्ण जाडीत उतरते. आतडे अरुंद होते, भगंदर होते, वजन घटत जाते. दोन्हींतला मूळ बिघाड सारखाच आहे. आतड्यातल्या ज्या जंतूंसोबत शरीराने आयुष्यभर नांदायचे, त्यांच्याविरुद्ध रोगप्रतिकारशक्ती पेटते आणि विझत नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीसारख्या तालुक्यात या आजाराला आधी दुसरीच नावे मिळतात. रक्त पडले की मूळव्याध, चिकट पडले की आव, पोट दुखून माणूस वाळू लागला की टीबी. शेवटच्या शंकेत तथ्यही असते. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून पाहिले तरी सारखेच दिसतात, आणि तुकडा तपासूनही पुष्कळदा निर्णय होत नाही. त्यामुळे आर्वी, सेवाग्राम किंवा नागपूर गाठेपर्यंत रुग्णाचे कित्येक महिने जातात. त्यात हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा आजार, असा समज अजून टिकून आहे. हैदराबादच्या एआयजी रुग्णालयाने पोटाच्या तक्रारी असलेल्या 30 हजारांहून अधिक लोकांची तपासणी करून 2023 मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यात खेड्यातल्या आणि शहरातल्या रुग्णांमधले या आजाराचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. ज्या खेड्यांत हा आजार दुर्मीळ मानला जात होता तिथे तो आता आहे. एक-दोन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत. मग बदलले काय?

जनुकांचा वाटा आहेच. क्रोन्सशी संबंध असलेले नॉड-2 हे पहिले जनुक 2001 मध्ये सापडले. 2012 पर्यंत या दोन आजारांशी जोडलेली जनुकीय ठिकाणे 163 झाली, पुढे दोनशेच्या वर गेली. पण 2012 ची ती सगळी यादी एकत्र धरली तरी क्रोन्सच्या संभाव्यतेतला 13.6 टक्के आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या संभाव्यतेतला 7.5 टक्केच भाग उलगडत होता. एकसारख्या जुळ्यांतही एकाला क्रोन्स असला तर दुसऱ्याला तो साधारण निम्म्या किंवा त्याहून कमी वेळा होतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये तर त्याहूनही क्वचित. भारतीयांच्या बाबतीत हे कोडे अधिकच अवघड आहे, कारण युरोपात क्रोन्सचा धोका वाढवणारे नॉड-2 मधले नेहमीचे दोष भारतीय रुग्णांत जवळजवळ सापडतच नाहीत.

इथे एपिजेनेटिक बदलांचा विषय येतो. यकृताची पेशी आणि आतड्याची पेशी यांच्यातला डीएनए एकच असतो. कोणते जनुक चालू राहील आणि कोणते बंद, हे डीएनएवर आणि त्याभोवती लागलेल्या रासायनिक खुणा ठरवतात. शेतकऱ्याला हे सातबाऱ्यावरून पटकन कळेल. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा चढला की जमीन तीच राहते, बांधही सरकत नाही, पण व्यवहार अडतो. बोजा उतरला की तो पुन्हा मोकळा होतो. डीएनएच्या सायटोसिन या घटकावर मिथाइल गट बसला की जवळचे जनुक बहुधा बंद पडते. याला मिथिलेशन म्हणतात. दुसरी खूण हिस्टोन या प्रथिनांवर लागते. डीएनए त्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो; त्यांच्यावर असिटाइल गट बसले की ती गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचता येते. तिसरा मार्ग मायक्रो-आरएनएचा. हे इवलेसे रेणू जनुकाचा निरोप प्रथिनात उतरण्याआधीच अडवतात. पेशी विभागते तेव्हा यांतल्या पुष्कळशा खुणा नव्या पेशीकडेही जातात. आतड्याचे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होते, तरी खालच्या मूळपेशींवरची नोंद टिकली की प्रत्येक नवे अस्तर तोच स्वभाव घेऊन येते.

या खुणांवर अन्नाची छाप कशी पडते, याचे उत्तम उदाहरण ब्युटिरेट हे आम्ल आहे. धान्या-डाळींतला जो चोथा आणि पिष्ट आपल्याला पचत नाही, ते मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे हे मुख्य इंधन आहे. त्याचे दुसरे काम अधिक मोलाचे. हिस्टोनवरचे असिटाइल गट काढून टाकणाऱ्या विकरांना ते रोखते, आणि त्यामुळे दाह आवरणाऱ्या टी-पेशी घडवणारे जनुक खुले राहते. उंदरांमधली ही साखळी 2013 मध्ये एकाहून अधिक संशोधक गटांनी दाखवून दिली. त्याआधी 2008 मध्ये फ्रेंच संशोधकांना क्रोन्सच्या रुग्णांत फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी हा ब्युटिरेट बनवणारा जंतू घटलेला आढळला होता. चोथा कमी, जंतू कमी, ब्युटिरेट कमी, आणि दाहावरचा लगाम ढिला, असा हा क्रम दिसतो.

विदर्भाच्या ताटात हा बदल डोळ्यांनी दिसतो. आष्टी-आर्वी-कारंजा या पट्ट्यात ज्वारीची भाकर आणि कण्या रोजच्या होत्या. शेतात सोयाबीन आले, ज्वारी मागे हटली, ताटात गव्हाची पोळी आणि दुकानात बिस्किटे-चिप्सची पाकिटे आली. ज्वारी गेली म्हणूनच आजार आला, असे कोणत्याही अभ्यासाने सिद्ध केलेले नाही, आणि तसे म्हणूही नये. शिवाय आतडे अरुंद झालेल्या रुग्णाला जास्त चोथा त्रासदायक ठरू शकतो. त्याने डॉक्टरांना विचारूनच आहार ठरवावा. पण चांगल्या आतड्याच्या माणसाने भाकर सोडू नये, याला आता पेशीच्या पातळीवरचा आधार मिळाला आहे.

मिथाइल गट तयार व्हायला फोलेट आणि बी-12 लागते. या दुव्यावर महाराष्ट्रात मोठे काम झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा माग ठेवला. गरोदरपणी आईत बी-12 कमी आणि फोलेट जास्त असेल, तर मुलात पुढे इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती वाढते, हे त्यांनी 2008 मध्ये मांडले. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेसोबतच्या पुढच्या कामात, बी-12 दिल्यावर मधुमेहाशी संबंधित जनुकांवरचे मिथिलेशन बदलते, असेही दिसले. हा अभ्यास मधुमेहाचा आहे, आतड्याचा नाही. मात्र बी-12 शोषले जाते ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, आणि क्रोन्सचा घाव बहुधा तिथेच बसतो. म्हणून क्रोन्सच्या रुग्णाने बी-12 ची तपासणी वेळोवेळी करून घ्यायलाच हवी.

आजाऱ्यांच्या रक्तात बदललेल्या खुणा दिसल्या म्हणजे त्यांनीच आजार घडवला, असे मात्र होत नाही. या क्षेत्रातली सर्वांत मोठी गफलत इथेच होते. क्रोन्स झालेल्या मुलांच्या रक्ताचा अमेरिकेत अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2019 चे. निदानाच्या वेळी मिथिलेशनमध्ये मोठे फरक होते, पण उपचाराने सूज उतरल्यावर त्यांतले बहुतेक निरोगी मुलांसारखे झाले. म्हणजे त्या खुणा सुजेचा परिणाम होत्या. उलट केंब्रिजच्या संशोधकांनी 2018 मध्ये मुलांच्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी वेगळ्या करून वाढवल्या, तेव्हा आजाराच्या काही खुणा शरीराबाहेर, सूज नसतानाही टिकून राहिल्या. रक्तातली नोंद पुसट होते, अस्तरातली खोल राहते. सूज गेल्यावरही आजार पुन्हा का उसळतो, याचे उत्तर अस्तरातल्या या खुणांत असण्याची शक्यता अधिक वाटते. रक्तातल्या खुणा मात्र निरुपयोगी नाहीत. क्रोन्सच्या कोणत्या रुग्णाला कोणते महागडे जैविक औषध लागू पडेल, हे मिथिलेशनवरून आधीच सांगता येते का, हे अ‍ॅमस्टरडॅमचे संशोधक तपासत आहेत. एका डोसाला हजारो रुपये मोजणाऱ्या कुटुंबाला अशा चाचणीचा केवढा आधार होईल!

औषधांच्या बाजूला ओबेफाझिमोड हा रेणू पुढे आला आहे. तो मायक्रो-आरएनए-124 चे प्रमाण वाढवून दाह आवरतो, आणि अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी त्याच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्या झाल्या आहेत. रोजच्या उपचारात मात्र आजही मेसालामाइन, स्टिरॉइड, अझाथायोप्रिन आणि जैविक औषधे हीच मुख्य साधने आहेत, आणि आजार ताब्यात आहे का हे पाहायला शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनची तपासणी आहे. एपिजेनेटिक चाचणीच्या नावाने कोणी पॅकेज विकत असेल तर त्यावर पैसे घालवू नयेत.

खुणांचा एक धोका उशिरा कळतो. वय वाढते तसे आतड्याच्या अस्तरात मिथिलेशन साचत जाते आणि पेशींच्या वाढीला आवर घालणारी काही जनुके बंद पडतात. वर्षानुवर्षे सूज असलेल्या आतड्यात हे म्हातारपण लवकर येते. अल्सरेटिव्ह कोलायटिससोबत कर्करोग झालेल्या रुग्णांत निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही असे मिथिलेशन वाढलेले असते, हे 2001 मध्ये दाखवले गेले. म्हणून मोठ्या आतड्याचा बराचसा भाग सुजलेला असेल, तर आजार सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी दुर्बिणीची नियमित तपासणी सुरू करायची असते, आणि त्या वेळी पोटाचा काहीच त्रास नसला तरी ती चुकवायची नसते.