टॅब्लेटच्या पानावरील चित्रमाला

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद व वेरूळकडे जाणारा रस्ता पडेगाववरून जातो. या परिसरातील विद्यार्थ्याला कैलास लेण्याचे नाव नवे नसते. परंतु ते अखंड खडकातून वरून खाली कोरीत आणले, ही गोष्ट लेणे प्रत्यक्ष पाहूनही सहजासहजी ध्यानात येत नाही. छापील पुस्तकातील एकुलते एक छायाचित्र ती सांगू शकत नाही. टॅब्लेटसाठी सिद्ध केलेल्या पुस्तकात मात्र तेवढ्याच जागेत पाच चित्रे एकामागून एक दाखविता येतात. आधी डोंगराचा उतार, मग तीन बाजूंनी खोदलेले चर, त्यांतून सुटा झालेला शिलाखंड, त्यावर आकारास येणारे शिखर आणि सर्वांत शेवटी तळाचे हत्ती. वाचकाने बोट लावताच चित्र पुढे सरकते, हवे तर मागेही येते.

चित्रे बदलत कथा सांगण्याची ही रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये काचपट्ट्यांवर हाताने रंगविलेल्या चित्रांचे खेळ ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने दाखविले. तेथे गती खेळ करणाऱ्याच्या हाती होती. टॅब्लेटवर ती वाचकाच्या हाती असावयास हवी. असे असता अनेक ठिकाणी चित्रे आपोआप पळविली जातात. सावकाश वाचणाऱ्या मुलाची ओळ अर्ध्यावर असतानाच चित्र निघून जाते. याला सोय म्हणणे कठीण!

अशी चित्रमाला करणे अवघड नाही. इनडिझाइन या पृष्ठरचनेच्या प्रणालीत समान मापाची चित्रे एकावर एक ठेवून त्यांचा ‘मल्टी-स्टेट ऑब्जेक्ट’ केला जातो व त्याला ‘पुढे’ आणि ‘मागे’ अशी बटणे जोडली जातात. स्थिर मांडणीच्या ईपबमध्ये ही रचना टिकते. पीडीएफ केल्यास एकच चित्र उरते. ईपब ३ या मानकानुसारही चित्रे हलविणारी आज्ञावली चालविणे वाचन-ॲपला बंधनकारक नाही. यास्तव पुस्तक ज्या ॲपवर वाचले जाणार, त्यावर ते आधी तपासून घेणे अगत्याचे ठरते.

चित्राखालील मजकुराकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. तो चित्रातच मिसळून टाकला, तर ती अक्षरे राहत नाहीत, चित्राचा भाग होतात. मग ती शोधता येत नाहीत, मोठी करता येत नाहीत आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा टॅब्लेट ती वाचून दाखवू शकत नाही. मजकूर युनिकोड देवनागरीत स्वतंत्र ठेवावा व प्रत्येक चित्राला त्याचे वर्णन जोडावे. ‘कैलास लेणे, चित्र ३’ हे वर्णन नव्हे. ‘तीन बाजूंचे चर खोदल्यावर मधोमध उभा राहिलेला खडक’ हे वर्णन होय.

छायाचित्रे मात्र कॅमेऱ्यातून आली तशीच बसवू नयेत. पडद्याच्या मापापुरती लहान केल्यास पुस्तक हलके होते आणि मोबाइलच्या मोजक्या डेटावरही उतरवून घेता येते.